एकाच कढईत खिमा-पास्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी माझं रोज जळगावला अपडाऊन. संध्याकाळची गाडी भुसावळला वेळेवर लागली तर सातला घरात, नाही तर साडेसात-पावणेआठ. त्यानंतर वाटण भाजा, रस्सा करा, भाकरी थापा, एवढा दम मधल्या वारी उरत नाही. म्हणून बुधवारी आमच्याकडे कढई एकच चढते: खिमा, टोमॅटो आणि पास्ता. जावा, मैत्रिणी, ऑफिसातल्या बाया, वरच्या मजल्यावरचा एकटा राहणारा मुलगा, सगळे फिरून-फिरून तेच प्रश्न विचारतात. एकदाच लिहून टाकते.

हे नक्की असतं काय?

खिमा परतायचा, कांदा-टोमॅटो घालायचा, मग कोरडा पास्ता तसाच त्यात टाकून मोजून पाणी घालायचं आणि झाकायचं. पास्ता वेगळा उकडायचा नाही आणि पाणी ओतून द्यायचं नाही. यातली सगळी गंमत त्या न फेकलेल्या पाण्यात आहे.

आपल्याला यात नवीन काहीच नाही खरं तर. डुबुकवड्या आपण उकळत्या रश्श्यातच सोडतो. त्या तिथेच शिजतात आणि त्यांचं सुटलेलं बेसन रश्श्याला अंगचा दाटपणा देतं. वरणफळांचंही तेच. डुबुकवड्या वेगळ्या उकडून ते पाणी मोरीत ओतणारी बाई अख्ख्या खान्देशात सापडायची नाही. मग पास्त्याचंच पाणी का ओतायचं? शिजताना पास्त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो, ते पाणी आटलं की खिम्याचं तेल आणि टोमॅटोचा रस एकमेकांना धरून राहतात. साय नको, कॉर्नफ्लोअर नको.

हा इटालियन पदार्थ आहे का?

नाही. इटलीत पास्ता भरपूर मिठाच्या पाण्यात वेगळा उकडतात आणि मांसाचा रस्सा वेगळा, मंद आचेवर तासन् तास चालतो. बोलोन्या शहरातल्या त्या रस्स्याची कृती तर १९८२ साली तिथल्या व्यापारी मंडळात रीतसर नोंदवून ठेवली आहे. एका भांड्यातला खिमा-मॅकरोनी हा अमेरिकेतल्या घाईच्या संध्याकाळचा पदार्थ. कुठे त्याला गुलाश म्हणतात, कुठे अमेरिकन चॉप्सुई. १९७१ साली जनरल मिल्स कंपनीने ‘हॅम्बर्गर हेल्पर’ नावाचं पाकीट देशभर आणलं, त्यात पास्ता आणि मसाला तयार असायचा, खिमा तेवढा आपला घालायचा.

पण इटलीतही सगळे उकडूनच खातात असं नाही. बारी शहरात स्पॅगेटी कच्चीच तव्यावर टाकून वरून टोमॅटोचं तिखट पाणी डावा-डावाने घालतात आणि मुद्दाम करपवतात. त्या पदार्थाच्या नावाचा अर्थच ‘मारेकरी’. मला वाटतं ही माणसं आपल्याकडे सोयरीक करायला हरकत नाही.

मूळ कृतीत बीफ असतं. आपण काय घ्यायचं?

महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर मार्च २०१५ पासून कायद्याने बंदी आहे. म्हशीचं मांस त्या बंदीत येत नाही. आमच्या घरात दोन्ही चालत नाही, म्हणून मी बोकडाचा खिमा घेते आणि खाली जे लिहिलंय ते त्यालाच धरून आहे. घाई असेल तर कोंबडीचा खिमा.

फरक मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या बीफच्या खिम्यात चरबी बरीच असते, अनेकदा पाचवा हिस्सा. तो आपल्याच चरबीत परतला जातो आणि दहा मिनिटांत मऊ होतो. बोकडाचा खिमा कोरडा आणि चिवट. त्यामुळे इंटरनेटवरची ‘वीस मिनिटांत तयार’वाली कृती आपल्या खिम्याला जशीच्या तशी लावली की दाताखाली रबर येतं. कोंबडीचा असेल तर अर्धा तास, बोकडाचा असेल तर पाऊण तास धरून चला.

चार माणसांना किती लागतं?

खिमा ३०० ग्रॅम, पास्ता २५० ग्रॅम, मध्यम कांदे दोन, पिकलेले लाल टोमॅटो तीन, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, बोटाच्या पेरभर आलं, शेंगदाण्याचं तेल दोन मोठे चमचे, लाल तिखट दीड चहाचा चमचा, हळद, मीठ एक चहाचा चमचा, कोथिंबीर. पाणी साधारण ६५० मिली, तेही उकळतं. पाण्याचं खाली वेगळं सांगते, कारण निम्मे फोन त्यावरच येतात.

तिखट आमच्याकडे नंदुरबारच्या मिरचीचं. थंडीत त्या बाजूला गेलात तर पथारीवर वाळत घातलेली मिरची लांबूनच दिसते, लाल रान अंथरल्यासारखी, आणि गाडीची काच उघडी असेल तर आधी नाकाला कळते. या पदार्थाला तिखटापेक्षा रंग महत्त्वाचा. बाजारातली पास्ता मसाल्याची पुडी मला लागत नाही.

कृती नीट, पायरी-पायरीने सांगा.

सांगते, पण पहिली पायरी निवांत करा. बाकी सगळं घाईत चालतं.

पसरट कढई चांगली तापू द्या. तेल घाला, तेलाच्या कडेला लाट दिसली की खिमा टाका आणि उलथण्याने दाबून पसरा. आता हात मागे घ्या. ढवळायचं नाही. पहिल्यांदा खिम्याला पाणी सुटेल, राखाडी होईल, बुडबुडे येतील आणि उकडल्याचा वास येईल. इथेच बहुतेक जणी कांदा टाकून मोकळ्या होतात. टाकू नका. ते पाणी आटेपर्यंत थांबा. आटलं की आवाज बदलतो: आधी भदभद असते, मग चरचर सुरू होते. वासही बदलतो, भाजल्या खोबऱ्याच्या जवळ जातो. खालचा थर तपकिरी झाला की उलथण्याने खरवडून उलटा, गोळे फोडा, पुन्हा दोन मिनिटं सोडा. पाणी आहे तोवर खिमा १०० अंशांच्या वर तापत नाही, आणि मांसाला तो भाजका रंग-वास यायला साधारण १४० अंश लागतात. म्हणून पाणी आटण्याची वाट बघायची, बाकी काही जादू नाही.

मग बारीक चिरलेला कांदा. त्याच्या पाण्याने तळाला चिकटलेलं सुटून येतं, ते सगळं खरवडून घ्या, चव तिथेच आहे. कांदा गुलाबी झाला की आलं-लसूण ठेचून, हळद, तिखट. तिखट जळू देऊ नका, लगेच चिरलेले टोमॅटो आणि मीठ. टोमॅटो गळून तेल कडेला दिसेपर्यंत परता.

बोकडाचा खिमा असेल तर इथे पेलाभर गरम पाणी घालून झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर शिजवा. हे पाणी हिशोबाबाहेरचं, आटणारं. कोंबडीचा असेल तर ही पायरी सोडा.

आता कोरडा पास्ता टाकून एकदा हलवा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला तेल लागेल. उकळतं पाणी ओता. पास्ता जेमतेम बुडाला पाहिजे. मोठी उकळी आली की आच मध्यमपेक्षा थोडी कमी, झाकण, आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेइतकं शिजवा. दर तीन मिनिटांनी तळापासून हलवायचं. शेवटची दोन मिनिटं झाकण काढून. गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं तसंच राहू द्या. त्या पाच मिनिटांत तो अजून घट्ट होतो, म्हणून बंद करताना थोडा सैलच दिसला पाहिजे.

पाण्याचं प्रमाण चुकतंच. काय करू?

सगळं पाणी एकदम ओतू नका. ६५० पैकी ५५० आधी घाला, उरलेलं शेजारच्या शेगडीवर गरम ठेवा. टोमॅटो किती रसाळ, कढई किती पसरट, झाकण घट्ट बसतं की फटीतून वाफ जाते, यावर शंभर-दीडशे मिली इकडे-तिकडे होतं. माझ्या झाकणाची मूठ तुटलीय, तिथल्या भोकातून वाफ जाते, तर मला ७०० लागतं. तुमच्या झाकणाचं तुम्ही दोनदा करून बघा.

गार पाणी मात्र कधीच नको. उकळी मोडते आणि पास्ता नुसता भिजत पडतो, वरून गिळगिळीत होतो.

आणि मीठ बेताचं. वेगळा उकडताना मिठाचं बहुतेक पाणी फेकलं जातं, इथे घातलेलं सगळं पोटात जाणार आहे.

पास्ता कोणता आणायचा?

आकार मॅकरोनी, पेने किंवा स्क्रूसारखा फुसिली. खिमा त्यांच्या पोटात-खाचांत बसतो. स्पॅगेटी कढईत मावत नाही, मोडून घालावी लागते.

आकारापेक्षा पाकिटाची मागची बाजू वाचा. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’, म्हणजे बन्सीसारख्या कडक गव्हाचा रवा, असं लिहिलेलं असेल तर घ्या. नुसता मैदा लिहिला असेल तर या पद्धतीसाठी घेऊ नका. तो वेगळा उकडून कसाबसा निभावतो, पण खिम्याच्या रश्श्यात पंधरा मिनिटं फिरवला की लगदा होतो. शेवया करणाऱ्यांना हे सांगायला नको. गहू कुठला आणि रवा कसा काढलाय यावर शेवई मोडणार की टिकणार ते ठरतं.

खिमा कसा मागायचा?

“मांडीचा, थोडी चरबी राहू द्या, मशीनमधून दोनदा काढा.” एवढं वाक्य पुरे. सुऱ्याने हाताने केलेला खिमा चवीला वरचढ, पण तो रविवारचा. बुधवारी मशीनचाच.

खिमा धुवायचा की नाही?

मी धूत नाही. सासूबाईंना हे पटलेलं नाही. खिमा धुतला की स्पंजासारखा पाणी धरतो आणि मग ती चरचर यायला वीस मिनिटं लागतात. शिवाय शिंतोडे सिंकभर उडतात. जंतू मरतात ते आचेने. बोकडाचा खिमा आतपर्यंत ७१ अंशांना, कोंबडीचा ७४ अंशांना पोचला पाहिजे, आणि या पद्धतीत तो त्याच्या कितीतरी पुढे जातो. मनाला फारच लागत असेल तर दुकानदाराला अख्खा तुकडा धुऊन मगच मशीनला लावायला सांगा. आमच्या घरात तह झालाय तो असा.

काळा मसाला घातला तर?

घाला की. चहाचा अर्धा चमचा, टोमॅटोबरोबर. पण भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण मात्र नको. मी एकदा घातलं. खोबरं आणि पास्त्याचा स्टार्च दोन्ही दाटपणा देणारे, दोघांनी मिळून असं काही केलं की डाव उभा राहिला. चव वाईट नव्हती, पण ते ना पास्ता झालं ना रस्सा. वाटणाचं मटण करायचं तर भाकरीबरोबर करा, त्याला पास्त्याची जोड कशाला.

तर्री हवीच असेल तर छोट्या पळीत तेल तापवून, आचेवरून उतरवून, त्यात चिमूटभर तिखट सोडा आणि वाढताना वरून घाला. आमच्या घरातला एक गडी त्याशिवाय जेवत नाही.

चीज?

मुलं असतील तर किसून, गॅस बंद केल्यावर. आधी घातलं तर तळाला चिकटतं. मला स्वतःला नको वाटतं, मी वरून लिंबू पिळते.

लोखंडी कढई चालेल का?

खिमा परतायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण टोमॅटोचा आंबटपणा लोखंड ओढून घेतो, रंग काळपट होतो आणि जिभेवर धातूची चव राहते. जाड बुडाची स्टीलची कढई उत्तम. नॉनस्टिकमध्ये चिकटत नाही, पण ती तपकिरी खरवडही नीट धरत नाही.

कुकरमध्ये होईल का?

बोकडाचा खिमा टोमॅटोसकट कुकरमध्ये दोन शिट्ट्या काढून घेतला तर वेळ वाचतो, मी दमलेली असते तेव्हा तेच करते. पास्ता मात्र झाकण उघडल्यावर घाला. कुकरमध्ये हलवता येत नाही, तळ लागतो.

पास्ता मधेच कच्चा राहतो, पाणी तर आटलं.

एक तर आच मोठी होती, नाही तर टोमॅटोची ग्रेव्ही इतकी घट्ट होती की पास्त्याला प्यायला पाणीच मिळालं नाही. अर्धी वाटी उकळतं पाणी कडेकडेने सोडा, झाका, तीन मिनिटं. एक तुकडा चावून बघा, मधे खडूसारखा पांढरा ठिपका दिसत असेल तर अजून दोन.

आणि लगदा झाला तर?

परत येत नाही. झाकण काढून आच वाढवा, तळाला खमंग खरवड धरू द्या आणि चमच्याने खा. वाढताना नाव सांगू नका.

गुरुवारी, श्रावणात काय?

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते, तेव्हा खिम्याचं नावही निघत नाही. सोयाचे दाणे गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, घट्ट पिळून, खिम्यासारखेच तेलावर तांबूस करायचे. पिळण्यात कसूर केली तर ओल्या पुठ्ठ्यासारखे लागतात. ३०० ग्रॅम खिम्याच्या जागी कोरडे दाणे १०० ग्रॅम पुरतात.

थंडीत मात्र सोया विसरा आणि वांगी घ्या. सिसिली बेटावर तळलेल्या वांग्याचा आणि टोमॅटोचा पास्ता करतात, नोर्मा म्हणतात त्याला. आपल्याकडे तर वांग्यासाठी कुठे जायचीही गरज नाही, जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनच मिळालंय. हिरवं लांबडं वांगं, बी कमी, गर मऊ. त्याच्या फोडी तेलावर लाल करून बाजूला काढा आणि पास्ता शिजल्यावर शेवटी मिसळा.

भाजलेलं भरीत पास्त्यात घालायचा विचारही करू नका. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, आगीवर शेतात भाजलेली वांगी, बडगीत कुटलेली मिरची-लसूण, कांद्याची पात आणि कळण्याची पुरी, ती पंगत वेगळी आहे.

उन्हाळ्यात खिमा किती वेळ टिकतो?

बाहेर? टिकत नाही. मांस वाटल्यावर वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिमा अख्ख्या तुकड्यांपेक्षा लवकर बिघडतो. साधारण नियम असा, की बाहेर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आता भुसावळचा मे महिना ३२ अंश कधी दाखवतो? दाखवलाच तर पहाटे.

एका मे महिन्यात दुपारी एकला खिमा घेतला, गाडीच्या डिकीत ठेवला आणि “पाच मिनिटं” म्हणून मावशीकडे डोकावले. सरबत झालं, लग्नाच्या पत्रिका बघून झाल्या, पावणेतीनला निघाले. घरी पिशवी उघडली तेव्हा वास येत नव्हता, पण हाताला कोमट लागला. टाकून दिला. घरातल्यांनी “वास तर नाहीये” म्हणून खूप समजावलं. वासावर जाऊ नका, आजारी पाडणारे जंतू दर वेळी वास सोडतातच असं नाही.

फ्रिजमध्ये कच्चा खिमा एक-दोन दिवस, त्यापुढे फ्रीझरमध्ये. मी रविवारी घेते आणि ३०० ग्रॅमची पिशवी दाबून चपटी करून फ्रीझरमध्ये ठेवते. बुधवारी सकाळी निघताना खाली फ्रिजमध्ये उतरवते, संध्याकाळपर्यंत मऊ झालेली असते. गोळा करून ठेवला तर आतला दगड रात्रीपर्यंत सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यात देता येतो का?

रात्री जेवण झाल्याबरोबर फ्रिजमध्ये गेला असेल तर हो. रात्रभरात पास्ता उरलंसुरलं पाणी पिऊन फुगतो, म्हणून सकाळी दोन-तीन चमचे पाणी घालून चांगला वाफ येईपर्यंत गरम करा. मुलाच्या डब्यात द्यायचा असेल तर रात्रीच्या सैलपणावरच त्याचा वाटा बाजूला काढा.

घरातल्या मोठ्या माणसांना आवडतो का?

पहिल्यांदा केला तेव्हा सासूबाईंनी ताटाकडे बघून अहिराणीत विचारलं, “हाई काय शे व?” सांगितलं. त्यांनी एक मॅकरोनी बोटात धरून उजेडाकडे नेली, आरपार बघितलं आणि म्हणाल्या, “ह्या ते पोकळ शेवया शेतस.” मग खिमा तेवढा निवडून सकाळच्या भाकरीबरोबर खाल्ला. आता खातात, पण पेने चालत नाही, मॅकरोनीच लागते, आणि बाजूला कच्चा कांदा फोडून. भाकरी अजूनही मागतात. मीही त्यांच्यापुरती एक करते.

तळाला लागलेलं कसं काढायचं?

काळं झालं नसेल तर काढून धुवायची घाई करू नका. कढई गरम असतानाच उलथण्याने खरवडा, पापुद्रे सुटून येतात, थोडे कडक, तेलकट, तिखट. आमच्याकडे त्यावरून दोन पोरांत भांडण होतं, म्हणून मी एक आड एक बुधवार वाटून दिलाय. काळं झालं असेल तर पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून एक उकळी काढा आणि रात्रभर भिजत ठेवा.